वजन उतरल्यावर अंग घट्ट करायचं तर: पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम, योग्य क्रमाने

नेटाने वजन उतरवलेली माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. काटा खाली आला, जुने कपडे ढगळ झाले, पण दंड लोंबतात, पोट मऊच राहिलं, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मग ती दोनपैकी एक गोष्ट करतात. जेवण आणखी कमी करतात, नाहीतर एखाद्या सोमवारी पहाटे उठून थेट तासभर व्यायामाला लागतात. पहिल्याने अंग आणखी सैल होतं. दुसऱ्याने पंधरा दिवसांत गुडघा किंवा कंबर धरते आणि व्यायाम सुटतो. कष्ट दोघंही मनापासून घेतात, चुकतो तो क्रम.

आधी एवढं समजून घ्या. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा. ज्याला आपण ‘टोन’ म्हणतो तो म्हणजे त्वचेखाली भरलेला, कामाचा स्नायू. तो परत मिळवता येतो आणि त्यासाठी रोज तासभर लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. अट एकच, पुढचे टप्पे उलटसुलट करायचे नाहीत.

## टप्पा १: व्यायामाआधीचा आठवडा

या आठवड्यात एकही उठाबशी काढायची नाही. लोकांना हे पटत नाही, म्हणून बहुतेक चुका इथेच होतात.

१. औषधं तपासून घ्या. वजन दहा-पंधरा किलोंनी उतरलं की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांचा डोस जास्त ठरू शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवात करू नका. डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. हृदयविकार, हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल तरी आधी डॉक्टर.

सोबत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगा. महिनोन्‌महिने कमी खाल्लेल्या, त्यातही शाकाहारी माणसांत ही कमतरता नेहमी सापडते. हिमोग्लोबिन नऊवर असताना जिना चढला तरी दम लागतो आणि माणूस स्वतःला आळशी समजून बसतो.

२. उपासमार थांबवा. वजन उतरवताना जे मोजून-मापून खात होता त्यात आता थोडी भर घाला. एक भाकरी जास्त, किंवा दुपारी वाटीभर उसळ जास्त. दोन-तीन आठवडे वजन एका किलोच्या आत वर-खाली होत राहिलं, म्हणजे जेवण बरोबर जागी आलं. शरीराला रोज तोटा होत असताना ते नवा स्नायू बांधायला सहसा तयार होत नाही.

३. प्रथिनांचा हिशेब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. स्नायू परत भरायचे तर १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावं लागतं. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला रोज किमान ७८ ग्रॅम.

आता आपलं ताट बघा. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, वीस ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि दही, बावीसच्या आसपास. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री १०० ग्रॅम पनीर आणि दोन पोळ्या, चोवीस. झाले बहात्तर. वर मूठभर शेंगदाणे घातले की गाडी मुक्कामाला पोचली. अंडं चालत नसेल तर ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे गोळे पंधरा ग्रॅम देतात. चिकन-मासे खाणाऱ्यांना हे सोपं जातं.

फसवतं ते पातळ वरण. ‘आम्ही रोज वरण खातो’ असं सांगणाऱ्या एका घरी मी वाटी बघितली. तळाशी बोटभर डाळ, वर हळदीचं पाणी. त्या वाटीत तीन-चार ग्रॅमच्या वर काही नसतं. डाळ शिजवण्याआधी मोजा, माणशी किमान ३० ग्रॅम.

> इशारा: मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पावडरचा डबा आणायची घाई करू नका. ताट पुरत नाही अशी खात्री पटल्यावर मग तो विचार.

४. सामान जमवा. न घसरणारी भक्कम खुर्ची, सतरंजी, मुलांचं जुनं दप्तर, फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. झाकण घट्ट बसणारे पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन मिळाले तर तेही ठेवा. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, तेव्हा ती भिंतीला टेकवूनच वापरायची.

५. मापं घ्या. शिवणकामाच्या टेपने बेंबीपाशी पोट, मांडीचा मध्य आणि दंड मोजून वहीत लिहा. एकाच खिडकीच्या उजेडात समोरून आणि बाजूने फोटो काढा. महिन्याभराने हे हाताशी नसलं तर ‘काही फरकच नाही’ असं वाटून लोक सोडून देतात.

तपासणी: जेवण वाढवलंय, वजन स्थिर आहे, झोप सात तासांच्या आसपास होते, अंधारी येत नाही. चारही गोष्टींना ‘हो’ आलं तरच पुढे. वजन स्थिरावायला आठवड्याचे तीन आठवडे लागले तरी थांबा.

## टप्पा २: पहिले दोन आठवडे, फक्त हालचाल शिकायची

दिवसाला दहा मिनिटं, एक दिवसाआड. घाम आलाच पाहिजे असं काही नाही. वजन उतरल्यावर शरीराचा तोल बदललेला असतो. जुन्या वजनाची सवय लागलेले गुडघे आणि कंबर नव्याने काम शिकत असतात, त्यांना वेळ द्या.

प्रत्येक प्रकार आठ वेळा, एकच फेरी.

१. खुर्चीवर बसणं-उठणं. खुर्चीच्या पुढे वीतभर अंतरावर उभे राहा. पावलं खांद्याएवढी फाकवलेली, चवडे किंचित बाहेर. आता आधी गुडघे वाकवायचे नाहीत. अंधारात मागचा पाट चाचपडावा तसा बुडाचा भाग मागे न्या आणि तीन आकडे मोजत खाली या. खुर्चीला नुसता स्पर्श झाला की टाचांनी जमीन दाबत उठा. शेवटच्या चार बोटांत धप्पकन अंग टाकलं तर ती उठाबशी मोजू नका, कारण खरं काम त्या चार बोटांतच असतं. उठताना हात मांडीवर दाबावे लागत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवेत. एकमेकांकडे झुकत असतील तर आरशासमोर करा.

२. कमरेतून वाकणं. घरात बादली, सिलिंडर, पोतं उचलताना लागते ती हीच हालचाल, आणि सर्वांत जास्त चुकते तीही हीच. मॉपचा दांडा पाठीमागे उभा धरा. तो डोक्याला, खांद्यांच्या मधल्या भागाला आणि माकडहाडाला, असा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. भिंतीकडे पाठ करून तिच्यापासून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे जरासे सैल सोडा आणि बूड मागे नेत भिंतीला टेकवा. ताण मांडीच्या मागच्या बाजूला जाणवला तर बरोबर. कंबरेत ओढ जाणवली तर पाठ वाकली आहे आणि दांडाही कुठेतरी सुटला असणार.

३. भिंतीवरचे जोर. हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या रेषेत भिंतीवर टेकवा. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ठेवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत या. कोपरं पंखांसारखी फाकवू नका, थोडी अंगाजवळ ठेवा.

४. दप्तर ओढणं. दप्तरात दोन भरलेल्या बाटल्या ठेवा. डावा हात खुर्चीवर टेकवून वाका, उजव्या हातात दप्तर लोंबू द्या. कोपर कंबरेच्या दिशेने मागे ओढा आणि सावकाश सोडा. खांदा कानाकडे चढू देऊ नका. दोन्ही बाजूंनी आठ-आठ. पोक काढून संगणकापुढे बसणाऱ्यांनी हा प्रकार कधीच टाळू नये.

५. उताणं पडून हात-पाय लांबवणं. सतरंजीवर उताणे पडा, हात छताकडे, गुडघे पोटावर काटकोनात. कंबर जमिनीला दाबून ठेवत उजवा हात डोक्याकडे आणि डावा पाय समोर लांब न्या, परत या, मग दुसरी जोडी. कंबर उचलली जायच्या आत थांबा. पोटासाठी एवढंच पुरे.

> इशारा: बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर उताणं पडून मान उचलताना पोटाच्या मध्यरेषेवर लांबट उंचवटा येत असेल, तर पाचवा प्रकार थांबवा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा.

श्वास कोंडून धरू नका. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं.

आता माझी चूक सांगतो. सोळा किलो उतरवल्यावर मी एका व्यायामशाळेत गेलो आणि पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढल्या. तिथे कुणी अडवलं नाही, उलट टाळ्या मिळाल्या. पुढचे चार दिवस मी घरचा जिना कठडा धरून, उलटं तोंड करून उतरत होतो. पंधरा दिवस व्यायामाचं नाव काढलं नाही. अंग आंबतं ते व्यायामानंतर बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. म्हणून व्यायाम करताना ‘अजून जमतंय की’ असं वाटतं आणि हिशेब परवा कळतो.

> इशारा: आंबणं चालेल, कळ चालणार नाही. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर तो प्रकार त्या दिवशी बंद. अतिव्यायामानंतर स्नायू सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडांना इजा करतात.

तपासणी: बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाचही प्रकार आठ वेळा, थांबत-थांबत का होईना, पण नीट होतात? दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता येतो? नसेल तर हाच टप्पा आणखी एक आठवडा.

## टप्पा ३: तिसरा ते सहावा आठवडा, फेऱ्या वाढवायच्या

दिवस ठरवून टाका: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधला दिवस स्नायूंच्या दुरुस्तीचा.

१. तीन मिनिटं अंग गरम करा: जागेवर चालणं, हात गोल फिरवणं, पाच सावकाश बसणं-उठणं.
२. पाचही प्रकार एकामागून एक, प्रत्येकी दहा वेळा. दोन प्रकारांत अर्ध्या मिनिटाची विश्रांती.
३. फेरी संपली की एक-दीड मिनिट थांबा, पाणी प्या.
४. दुसरी फेरी. एवढं अठरा-वीस मिनिटांत होतं.

किती जोर लावायचा याला एक साधं माप आहे: ‘दोन उरले पाहिजेत’. दहावी उठाबशी झाली तेव्हा आणखी दोन नीट निघाल्या असत्या, पण पाच निघाल्या नसत्या, अशी स्थिती हवी. पाच निघाल्या असत्या तर काम हलकं होतंय. एकही निघाली नसती तर जास्त होतंय.

उरलेल्या दिवशी चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. आपल्याकडे पहिला अर्धा लोक निष्ठेने पाळतात आणि दुसरा ऐकलेलाच नसतो. चालण्याने हृदय सुधारतं, पण लोंबणारा दंड भरत नाही.

पहाटे उपाशीपोटी करायचंय? जमत असेल तर करा. हात कापत असतील तर अर्धं केळं खाऊन वीस मिनिटांनी. जेवणानंतर मात्र दोन तास जाऊ द्या. उपासाच्या दिवशी साबुदाण्यावर दिवस काढणार असाल तर तो दिवस चालण्याचा ठेवा, किंवा दूध, दही, शेंगदाणे ताटात वाढवा.

तपासणी: चौथ्या आठवड्यात वजनकाटा अर्धा-एक किलो वर दिसला तर जेवण तोडू नका. व्यायामाला लागलेले स्नायू पाणी आणि साखरेचा साठा धरून ठेवतात, ते वजन त्याचं असतं. पोटाचं माप वाढलं नसेल तर सगळं ठीक चाललंय.

## टप्पा ४: सातवा ते बारावा आठवडा, भार चढवायचा

सुरुवातीच्या चार-सहा आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंची. असलेल्याच स्नायूला नीट कामाला लावायला ते शिकतात. आकार त्यानंतर दिसू लागतो, आणि तोही भार वाढत गेला तरच. इथे पोचलेली बरीच माणसं तीच दोन बाटल्यांची फेरी वर्षभर करत राहतात, आणि मग अंग जिथल्या तिथे थांबतं.

वाढ अशी करायची:

१. दप्तर पोटाशी कवटाळून बसणं-उठणं सुरू करा. आत किलोभर तांदळाची पिशवी पंच्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे ती हलत नाही.
२. ज्या प्रकारात दोन्ही फेऱ्यांत बारा वेळा नीट जमलं, आणि व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी जमलं, त्या प्रकारात एक किलो वाढवा. आकडा परत आठवर आणा. आठवरून पुन्हा बाराकडे.
३. जोरांना वजन लागत नाही, उंची कमी करत जा. भिंतीवरून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, ओट्यावरून दिवाणाच्या कडेवर, मग जमिनीवर. ओटा कोरडा पुसून घ्या. ओट्यावर बारा जोर घालणाऱ्या पन्नाशीच्या बाया मी बघितल्या आहेत. त्यांना तिथवर पोचायला तीन महिने लागले आणि ते अगदी योग्य होतं.
४. कमरेतून वाकण्याच्या प्रकारात आता दोन्ही हातांत पाण्याने भरलेले तेलाचे कॅन घ्या, प्रत्येकी पाच किलो. मॉपचा दांडा आठवड्यातून एकदा तरी लावून पाठ तपासा.
५. शेवटी हेच कॅन दोन्ही हातांत धरून, खांदे मागे ठेवून चाळीस पावलं चाला. उघड्या बादल्या घेऊ नका, सांडलेल्या पाण्यावर पाय घसरतो.

फेऱ्या आता तीन करता येतील. पण एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: वजन, आकडा किंवा फेरी. तिन्ही एकदम वाढवल्या आणि खांदा दुखला, तर कशामुळे ते कळत नाही.

दप्तरात दहा-बारा किलो मावू लागले की त्याचे बंद तुटायला येतात. तेव्हा डंबेल घ्या किंवा व्यायामशाळेत जा. आता तुम्हाला हालचाल येते, कुणीही पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढायला लावल्या तर ‘नको’ म्हणता येईल.

## वारंवार होणाऱ्या चुका

पोटासाठी शंभर क्रंच, म्हणजे उताणं पडून खांदे उचलणं. ज्या भागाचा व्यायाम, त्याच भागाची चरबी जाते असं होत नाही. चरबी कुठून कमी व्हायची ते शरीर ठरवतं. मान मात्र आखडते.

घाम काढणारे पट्टे आणि प्लास्टिकचे जाकीट. गेलं ते पाणी, दोन पेल्यांत परत येतं. उन्हाळ्यात चक्कर येण्याचा धोका वेगळा.

‘पुरुषांसारखे दंड होतील’ ही बायकांची भीती. दप्तरात चार किलो घेऊन तसं होत नाही. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. उलट चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होण्याकडे झुकतात, त्यांना या भाराची गरज असते. या एका भीतीपायी किती बायका नुसत्या चालत राहतात हे बघून मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शनने किंवा ऑपरेशनने वजन उतरवलेल्यांनी सगळ्यांसारखंच खाणं. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांवर भूकच लागत नाही, त्यामुळे प्रथिनं सर्वांत आधी मागे पडतात. त्यांनी ताटातला डाळ, अंडं, पनीर हा भाग आधी संपवावा, भात-पोळी नंतर. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन झालं असेल तर सुरुवात कधी करायची हे सर्जनच सांगतील.

सैल त्वचेला स्नायूंचं अपयश समजणं. पंचवीस-तीस किलो उतरले असतील, वय चाळिशीपुढे असेल किंवा वर्षानुवर्षं वजन जास्त राहिलं असेल, तर त्वचा पूर्ण आवळत नाही. चिमटीत धरून बघा. कागदासारखी पातळ घडी हातात आली तर ती त्वचा आहे, जाड आणि मऊ लागली तर खाली अजून चरबी आहे. त्वचेला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेल-मलम लावून ती आवळत नाही. घड्यांमध्ये ओल राहून चट्टे उठत असतील तर जागा कोरडी ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रियेचा विचार वजन किमान सहा महिने स्थिर राहिल्यावरच.

## टप्पा ५: मोजणं आणि खंड पडल्यावर परतणं

दर चार आठवड्यांनी, सकाळी, त्याच टेपने तीच तीन मापं आणि त्याच खिडकीपाशी फोटो. वजन आठवड्यातून एकदाच. वहीत दप्तराचं वजन आणि आकडे लिहीत राहा. आकडे महिनाभर हलले नसतील तर आधी झोप आणि डाळीची वाटी तपासा, व्यायाम नंतर बदला.

लग्नसराईत, गणपतीत किंवा परीक्षांच्या दिवसांत खंड पडणारच. एक आठवडा गेला तर जिथे सोडलं तिथूनच धरा. दोन ते चार आठवडे गेले तर दप्तरातलं वजन निम्मं करा आणि एकच फेरी घ्या, पंधरा दिवसांत जुन्या जागी याल. महिन्याहून जास्त गेला असेल तर टप्पा दोनचा एक आठवडा काढा. ताप येऊन गेल्यावर अंगातली कणकण पूर्ण जाऊ द्या, दोन दिवस नुसतं चाला, मग खुर्चीला हात लावा. चुकलेले दिवस रविवारी एकदम भरून काढू नका. बुधवार चुकला तर गुरुवारी करा आणि पुढचा दिवस शनिवार धरा.